व्हॉल्व विकत घेण्याआधी सेट उघडून बघा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

हल्ली आमच्या फोंड्याकडची बरीच तरुण पोरं व्हॉल्वच्या, म्हणजे जुन्या रेडिओत पेटणाऱ्या काचेच्या नळीच्या (तिलाच ट्यूब म्हणतात), ॲम्प्लिफायरच्या नादाला लागलीत आणि मला ते मनापासून आवडतंय, म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. कुणाला आजोबांचा जुना रेडिओ माळ्यावर सापडतो, कुणी ऑनलाइन चायनीज किट मागवतो, कुणी बँडमध्ये गिटार वाजवतो त्याला व्हॉल्वचा गिटार ॲम्प हवा असतो, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठली ट्यूब घेऊ? जर्मन घेऊ का इंग्लिश, रशियन बरी का स्लोव्हाकियाची? माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. व्हॉल्व हाताने उपसून काढता येतो, दिसायला सुंदर असतो, पेटलेला दिसतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर जातं, पण खोट बहुतेक वेळा त्याच्यात नसतेच, त्याच्या खाली चासीत, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या लोखंडी सांगाड्यात असते, आणि ती न बघता नवीन महागडी जोडी घातली की ती जोडी पण जाते आणि वर ट्रान्सफॉर्मर पण जातो.

आधी आजोबांच्या रेडिओचं बघू कारण गोव्यात बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. बैठकीच्या सालात नाहीतर बाल्कांवात फळीवर ठेवलेला तो लाकडी सेट, पूर्वी त्याच्यावर एमिसोरा द गोवा लागायचं, मुक्तीनंतर पणजी आकाशवाणी, रात्रीचं रेडिओ सिलोन. मग ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला आणि सेट कोपऱ्यात गेला तो गेलाच. आता नातू येतो, धूळ पुसतो आणि उत्साहात वायर सरळ प्लगमध्ये घालतो. कृपा करून असं करू नका. इतकी वर्षं बंद राहिलेल्या सेटमधले मोठे फिल्टर कंडेन्सर (डीसीतली घरघर गाळणारे) आतून सुकलेले असतात, त्यांना एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट मिळाले की ते शॉर्टसारखे वागतात आणि सगळा करंट रेक्टिफायर व्हॉल्व (एसीचा डीसी करणारा) आणि मेन ट्रान्सफॉर्मर यांच्यातून जातो. व्हॉल्व दुसरा मिळेल, पण त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळायचा, तो परत गुंडाळून घ्यावा लागतो आणि तसं नीट गुंडाळणारे कारागीर आता फार थोडे उरलेत.

जुन्या मेकॅनिक लोकांची यावरची युक्ती म्हणजे सिरीज बल्ब, आणि ती आजही सगळ्यात चांगली. एका बोर्डावर साठ नाहीतर शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये घ्यायचा, एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भपकन पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब सुरुवातीला जरा उजळून मग मंद झाला तर समजायचं की निदान मोठं काही जळत नाहीये. पण हे सुद्धा कागदी कंडेन्सर बदलल्यावर करायचं, आधी नाही, आणि ते का ते पुढे सांगतो.

त्याच्या आधी जिवाची गोष्ट. काही जुन्या सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. एसी-डीसी दोन्हीवर चालणारे सेट म्हणून ते विकले जायचे, त्यातल्या व्हॉल्वचे नंबर यू पासून सुरू होतात, यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे. या सेटमध्ये सगळ्या व्हॉल्वचे हीटर एकामागे एक जोडलेले असतात, चवथीला माटोळीखाली सोडलेल्या लायटिंगच्या माळेसारखे, एक गेला की सगळे बंद. ते एक वेळ चालेल, पण मेनची एक वायर थेट चासीला जोडलेली असते हे भयंकर आहे. दोन पिनचा प्लग उलटा बसला की पूर्ण लोखंडी चासी आणि बटणांचे स्क्रू सुद्धा लाइव्ह होतात. अशा सेटच्या मागच्या बाजूला कुणी मोबाइल लावायला पिन काढून देतो म्हटलं तर त्याला हात लावू देऊ नका. मेनपासून सेट वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो सेट उघडा करून टेबलावर चालवायचाच नाही, आणि ज्याने आजपर्यंत व्हॉल्वला हात लावलेला नाही त्याने शिकायला हा सेट घेऊच नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्ये पण धोका आहेच. रेडिओत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात, मोठ्या ॲम्पमध्ये चारशे-साडेचारशे, आणि स्विच बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ते भरलेले राहतात. स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी पाडायची काही लोकांना सवय असते ती वाईट, दहा किलोओहमचा पाच-दहा वॅटचा रेझिस्टन्स नीट इन्सुलेट केलेल्या वायरने लावायचा, काही सेकंद धरायचा आणि मग मीटर लावून खात्री करायची. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात. पावसाळ्यात आपल्या घरांची जमीन ओलसर असते, तेव्हा रबरी चप्पल आणि खाली सुकी फळी पाहिजेच, आणि घरात दुसरं कुणीतरी जागं पाहिजे. हे मी घाबरवायला सांगत नाही, एवढं पाळलं की काम निवांत करता येतं.

आता व्हॉल्वचं. आत एक हीटर असतो तो कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, प्लेट पॉझिटिव्ह असते ती त्यांना ओढते, आणि मधली ग्रीड जरा निगेटिव्ह ठेवून हा प्रवाह कमी-जास्त करते. १९०४ मध्ये फ्लेमिंगने दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व केला, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने त्यात ग्रीड घातली आणि तिथून आवाज मोठा करणं सुरू झालं. ज्याला एवढं कळलं त्याला पुढचं सगळं कळतं, कारण व्हॉल्व आणि ट्रान्सफॉर्मर सोडले तर उरतात मुख्यतः रेझिस्टन्स आणि कंडेन्सर.

युरोपियन नंबर तर वाचता आला की फार उपयोगी पडतो. ईसीसी ८३ म्हणजे ई वरून हीटर ६.३ व्होल्टचा, सी म्हणजे ट्रायोड, कॅथोड-ग्रीड-प्लेट असे तीन भाग असलेला, दोनदा सी म्हणून दोन ट्रायोड एका काचेत, आठवर सुरू होणारा आकडा म्हणजे नऊ पिनचा छोटा बेस. ईएल ३४ मध्ये एल म्हणजे आऊटपुटचा (स्पीकर चालवणारा) पाच इलेक्ट्रोडचा पेंटोड आणि तीन म्हणजे आठ पिनचा ऑक्टल बेस. ईझेड ८१ मध्ये झेड म्हणजे दोन बाजूंचा रेक्टिफायर. अमेरिकन लोक ईसीसी ८३ ला १२एएक्स७ म्हणतात, ईएल ८४ ला ६बीक्यू५, ईएल ३४ ला ६सीए७, जीझेड ३४ ला ५एआर४. व्हॉल्व तोच. बरीच मुलं ही दोन नावं बघून दोनदा पैसे घालवतात म्हणून लिहिलं.

आता तो कागदी कंडेन्सर. पहिल्या व्हॉल्वच्या प्लेटवरून आऊटपुट व्हॉल्वच्या ग्रीडला सिग्नल नेणारा एक छोटा कंडेन्सर असतो, साधारण ०.०१ नाहीतर ०.०२ मायक्रोफॅरडचा. त्याच्या एका बाजूला शंभर-दीडशे व्होल्ट डीसी, दुसऱ्या बाजूला शून्य असायला पाहिजे. जुने मेण लावलेले कागदी कंडेन्सर आपल्या हवेत ओलावा पितात आणि गळायला लागतात, मग ग्रीडवर थोडे पॉझिटिव्ह व्होल्ट येतात, आऊटपुट व्हॉल्व जास्त करंट घेतो, प्लेट लाल होते आणि काही वेळात तो मरतो. माणूस म्हणतो ट्यूब गेली, नवीन आणतो, ती पण लाल होते, मग म्हणतो आजकालच्या ट्यूब भंगार! ट्यूबचा काय दोष. चार पैशांचा फिल्म कंडेन्सर आधी बदलला असता तर पहिली जुनी ट्यूबच पुढे कितीतरी वर्षं चालली असती.

तपासायचं कसं ते सांगतो, मीटर फक्त चांगला पाहिजे. ट्रान्सफॉर्मरवाला सेट, एका ईएल ८४ चा. ग्रीडवर डीसी व्होल्ट मोजा, शून्य हवेत. पॉझिटिव्ह दिसले तर थोड्या वेळापुरता तो व्हॉल्व उपसून परत मोजा. व्होल्ट तसेच राहिले तर कंडेन्सर गळतोय, व्होल्ट गेले तर व्हॉल्वमध्येच गॅस आहे आणि तेव्हा खुशाल नवीन घ्या. दुसरं माप कॅथोडवर. ईएल ८४ ला अडीचशे व्होल्ट असतील आणि कॅथोडखाली १३० ते १५० ओहमचा रेझिस्टन्स असेल तर तिथे सात-साडेसात व्होल्ट मिळतात. तीनच मिळाले तर व्हॉल्व थकलाय नाहीतर मागून पुरवठा कमी येतोय, अकरा-बारा मिळाले तर तो जास्त ओढतोय, परत कंडेन्सरकडे जा. एवढ्या दोन मापांनी जे कळतं ते ट्यूब टेस्टर शोधत फिरून कळणार नाही, आणि टेस्टर आता आहेत कुणाकडे.

घरघर येत असेल तर तिचाही सूर ऐकून कारण कळतं. आपली लाईट ५० हर्ट्झची, दोन बाजूंच्या रेक्टिफायरनंतरची घरघर १०० हर्ट्झची, ती आली तर फिल्टर कंडेन्सर गेलेत. त्याहून खालच्या सुरात ५० ची गुणगुण असेल तर हीटरच्या वायरी, अर्थिंग नाहीतर एखाद्या व्हॉल्वचा हीटर-कॅथोड लीक. आणि घरघर मारायला म्हणून कुणी मेकॅनिक ईझेड ८१ च्या लगेच मागे शंभर नाहीतर दोनशेवीस मायक्रोफॅरड ठोकून देतात ते करू देऊ नका, त्या रेक्टिफायरला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरडचा चालतो, त्याच्यावर गेलं की तो आत ठिणग्या पाडून मरतो.

आता आपल्या गोव्यापुरतं सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत हे मिळत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्याकडे हवेत मीठ, आणि व्हॉल्वचा सेट म्हणजे शेकडो उघडे जोड. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरची (तो व्हॉल्व आणि स्पीकर यांच्यामध्ये असतो) प्रायमरी गुंडाळी केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची असते, तिला ओलावा लागला की हिरवा गंज चढतो आणि एक दिवस ती तुटते, आवाज एकदम बंद. व्हॉल्वच्या पिना काळ्या पडतात, सॉकेटच्या पट्ट्या सैल होतात, मग सेट चरचर करतो आणि परत दोष ट्यूबला. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक बारीक टाचणी घेऊन सॉकेटच्या पट्ट्या हलक्या हाताने आवळल्या (सेट बंद आणि कंडेन्सर रिकामे करून अर्थात) की अर्धे सेट तिथेच बोलायला लागतात. पावसाळ्यात सेट कापडात गुंडाळून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर चालवलेला चांगला, त्याच्याच उष्णतेने तो सुकतो. आत पाली शिरतात, मुंग्या घर करतात, पाल हाय व्होल्टेजवर चिकटून मेली की ट्रान्सफॉर्मर घेऊन जाते, तेव्हा मागचं पुठ्ठ्याचं झाकण फेकून देऊ नका, भोकांना बारीक जाळी लावा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. २२० व्होल्ट धरून बनवलेला सेट आज २४० वर चालतो आणि रात्री उशिरा लोड कमी झाला की त्याहून वर. हीटर ६.३ च्या जागी सातवर गेला की व्हॉल्वचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. हीटरच्या पिनांवर एसी मोजा, सहा ते ६.६ च्या मध्ये असेल तर छान. जास्त असेल तर आधी सेटच्या मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो तो सगळ्यात वरच्या आकड्यावर घ्या, तरीही जास्त असेल तर मेनचे दहा-पंधरा व्होल्ट उतरवणारा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर लावून घ्या. चांगल्या जुन्या व्हॉल्वच्या जोडीवर पैसे ओतणारी मुलं हे एक माप घेत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. आणि लाईट गेली की लगेच सेट बंद करा, येताना ती कशी येईल सांगता येत नाही. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर व्हॉल्वचा सेट चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग आणि एरियल दोन्ही काढून ठेवायचे.

एवढं झालं, सेट नीट आहे, आता खरोखरच व्हॉल्व बदलायचाय. तर मग साधा, नवीन, आजच्या कारखान्यातला घ्या. स्लोव्हाकियात जेजे बनवतात, रशियात सारातोवच्या कारखान्यात बनतात आणि अनेक नावांनी विकले जातात, चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभर गिटारवाल्यांची धावपळ झाली आणि भाव चढले, त्यावरून समजा की कारखाने किती मोजके आहेत. मुल्लार्ड, टंग-सोल ही नावं आज ज्या खोक्यांवर दिसतात ते व्हॉल्व सारातोवचेच असतात, इंग्लंडच्या ब्लॅकबर्नचा जुना मुल्लार्ड वेगळा. वाईट नाहीत ते, पण जुन्याचा भाव देऊ नका. खरे जुने घ्यायचे असतील तर छापलेल्या नावावर जाऊ नका, शाई बोटाने पुसली जाते आणि परत छापता पण येते, आणि त्या काळी सुद्धा कंपन्या एकमेकांचा माल आपल्या नावाने विकायच्या. काचेच्या खालच्या बाजूला कोरलेला बारीक कोड बघायचा, ब्लॅकबर्नचा असेल तर तो बी ने सुरू होतो, आणि आतली बांधणी बघायची. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीये, तो व्हॉल्व मेला.

आपल्याकडचे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व विसरू नका. या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये, म्हणजे आपला गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, रेडिओचे व्हॉल्व बनवायला सुरुवात केली आणि नंतर देशभरच्या सेटमध्ये तेच असायचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, चोर बाजारात, बंगळूरच्या एसपी रोडला आणि आपल्याकडे बंद पडलेल्या रेडिओ दुकानांच्या खोक्यांत ते अजून निघतात. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याला यापेक्षा चांगला सौदा नाही, फक्त विकणाऱ्याला सांगा की लावून बघून मगच घेईन. छोट्या व्हॉल्ववर पेन्सिलने हलकी टिचकी मारायची, स्पीकरमधून ठणठण आलं तर तो पहिल्या स्टेजला चालणार नाही, पुढच्या स्टेजला चालेल.

नंबर जुळला म्हणजे झालं असं नाही हे पण लक्षात ठेवा. ६एन२पी हा रशियन व्हॉल्व ईसीसी ८३ सारखाच म्हणून विकतात, आतून बराच सारखा आहेही, पण हीटरच्या पिना वेगळ्या, आपल्या सेटमध्ये तो पेटणारच नाही. ईसीसी ८८ चं तेच. जीझेड ३४ च्या जागी ५यू४ बसतो पण त्याचा हीटर १.९ ॲम्पियरच्या जागी तीन ॲम्पियर मागतो, ते देणारा ट्रान्सफॉर्मर आहे का? ६एल६ च्या जागी ईएल ३४ घालायचा मोह गिटारवाल्यांना फार, तो ०.९ च्या जागी दीड ॲम्पियर घेतो आणि त्याची एक नंबरची पिन आठ नंबरला जोडलेली पाहिजे, नाहीतर नुसताच बसेल आणि चालणार नाही.

बायस, म्हणजे ग्रीडला किती निगेटिव्ह ठेवायचं ते, म्हटलं की सगळे घाबरतात. कॅथोड बायसचा ॲम्प असेल तर आऊटपुट व्हॉल्व स्वतःच आपलं जुळवून घेतो, बदलला की झालं, म्हणून सुरुवातीला असाच ॲम्प घ्या. फिक्स्ड बायसचा असेल तर प्रत्येक नवीन जोडीबरोबर करंट सेट करावाच लागतो. ईएल ३४ ची प्लेट २५ वॅट सोसते, त्याचे ७० टक्के साडेसतरा, प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर साडेसतराला चारशेने भागा, ४४ मिलिॲम्पियर येतात, त्याच्या वर जायचं नाही. कॅथोडखाली एक ओहमचा रेझिस्टन्स असेल तर मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पियर, डोक्याला ताप नाही. जोडी मात्र मॅच केलेली, सारखा करंट घेणारी घ्या. आणि स्पीकर लावल्याशिवाय व्हॉल्वचा ॲम्प कधी चालू करू नका, ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला ते चालतं, व्हॉल्वच्या आऊटपुट ट्रान्सफॉर्मरला नाही, आत हजारो व्होल्टचे झटके तयार होऊन इन्सुलेशन फुटतं.

ज्याला नवीनच घ्यायचंय त्याला माझा सल्ला, दोन ईएल ८४ आळीपाळीने जोर लावतात तो पुशपुल ॲम्प, चॅनलला दहा-पंधरा वॅट देणारा, पुष्कळ झाला. नुसत्या एका ईएल ८४ चे पाच वॅट सुद्धा पुरतात पण स्पीकर बघून. एका वॅटला ८८ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरला जो आवाज काढायला पंचवीस वॅट लागतात तोच ९५ डेसिबलचा स्पीकर पाच वॅटमध्ये देतो, म्हणून ट्यूबवर खर्च करायचे पैसे स्पीकरवर करा. ऑनलाइन जे अगदी स्वस्तातले ट्यूब ॲम्प दिसतात त्यात बऱ्याच वेळा व्हॉल्व नुसता पुढे असतो, खरं काम मागे एक चिप करते, आणि व्हॉल्वच्या खाली केशरी एलईडी लावलेला असतो. कमी व्होल्टचे असतात म्हणून शिकायला धोका नाही, पण व्हॉल्वचा आवाज कसा असतो हे त्याच्यावरून ठरवू नका. ३००बी चं नाव ऐकून भुलणारे पण आहेत, वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ चा सुंदर व्हॉल्व आहे तो, पण सात-आठ वॅट मिळतात आणि किंमत बघून पहिल्या ॲम्पला तो घेऊ नये असंच मी सांगीन.

गाणं ऐकणाऱ्यांचा हा तालुका. केसरबाई इथल्याच केरीच्या, दीनानाथ मंगेशीचे, आणि त्या पिढीचा आवाज घराघरांत रेडिओवरून पोचला तो व्हॉल्वमधूनच. व्हॉल्वमध्ये जादू आहे असं मी म्हणणार नाही, तो ताणला तर एकदम फाटत नाही, हळूहळू गोल होत जातो, आणि त्याची विकृती कानाला कमी टोचते, एवढं शास्त्र आहे. पण माणसाच्या गळ्याला तो न्याय देतो हे मी रोज ऐकतो.

आता ज्यासाठी आपल्या पेपरात जागा मागतोय ते. आपल्या अनेक देवळांच्या कोठ्यांत, नाट्यमंडळांच्या पेट्यांत, चर्चच्या आणि शाळांच्या स्टोअररूममध्ये जत्रेला, तियात्राला, नाटकाला वापरलेले व्हॉल्वचे लाऊडस्पीकर ॲम्प्लिफायर पडून आहेत. साफसफाईत ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने जातात, तो ट्रान्सफॉर्मर फोडून तांबं काढतो. साहेब, त्यातला ट्रान्सफॉर्मर हीच खरी संपत्ती आहे! व्हॉल्व आज बाजारात मिळतात, कंडेन्सर मिळतात, तसे ट्रान्सफॉर्मर मिळत नाहीत. एका तशा ॲम्पमधून कुठल्याही मुलाचा चांगला ॲम्प तयार होऊ शकतो, बऱ्याच वेळा त्यांना लांबच्या लाऊडस्पीकरांसाठी असलेल्या १०० व्होल्टच्या लाइनबरोबर आठ आणि सोळा ओहमचे टॅप पण असतात, म्हणजे घरचा स्पीकर थेट लागतो. तेव्हा देवस्थान समित्यांना आणि मंडळांना माझी हात जोडून विनंती, भंगारात देण्याआधी गावातल्या एखाद्या जाणकाराला दाखवा, नाहीतर जवळच्या आयटीआयला देऊन टाका.

आणि आयटीआय, पॉलिटेक्निकवाल्यांना सुद्धा विनंती आहे. व्हॉल्व अभ्यासक्रमात नाहीत हे मला माहीत आहे, पण वर्षातून एक रविवार हा विषय घ्या. जे जुने रेडिओ मेकॅनिक अजून आहेत त्यांना मानाने बोलवा, त्यांचे हात बघून जे शिकता येतं ते व्हिडिओ बघून येत नाही, आणि ती पिढी आता सत्तरी-ऐंशीची झालीये. मुलांना सिरीज बल्बचा बोर्ड स्वतःच्या हाताने बनवायला लावा, कंडेन्सर रिकामा करायला शिकवा, ग्रीड आणि कॅथोडची ती दोन मापं घ्यायला लावा. आपण रविवारच्या पुरवणीत जुन्या रेडिओचे फोटो छापता ते बघायला आनंद होतो, पुढच्या वेळी त्या फोटोखाली दोन ओळी एवढ्या टाका की बंद पडलेला जुना सेट सरळ प्लगमध्ये घालू नये, आधी जाणकाराकडून कंडेन्सर बदलून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, फोंडा